एका चित्रपटाएवढे आयुष्य

चित्रपटसृष्टीत दिग्दर्शकाची थोरवी बहुधा त्याच्या चित्रपटांच्या यादीवरून ठरते. करीमुद्दीन आसिफ यांच्या बाबतीत ही रीत चालत नाही. ४८ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी दिग्दर्शक म्हणून दोनच चित्रपट पूर्ण केले. त्यांपैकी पहिला आज जवळजवळ विस्मरणात गेला आहे. दुसरा ‘मुघल-ए-आझम’. तो पूर्ण होण्यास जितका काळ लागला, तितक्या काळात त्यांच्या समकालीनांनी दहा-पंधरा चित्रपट काढले, कीर्ती मिळवली आणि काहींनी ती गमावलीही. आसिफ मात्र एकाच कथेच्या दाराशी बसून राहिले.

त्यांचा जन्म १४ जून १९२२ रोजी तेव्हाच्या संयुक्त प्रांतातील इटावा या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती आणि शाळेचे शिक्षण फारसे झाले नाही. तरुणपणीच ते मुंबईस आले. त्यांचे मामा नझीर हे त्या काळचे नामांकित नट व दिग्दर्शक होते. मुंबईतील सुरुवातीच्या दिवसांत आसिफ यांनी शिवणकामाचा व्यवसाय केला, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. पुढे त्यांच्या चित्रपटात कापडाचा प्रत्येक पदर, जरीची प्रत्येक कड ज्या डोळ्याने पारखली गेली, तो डोळा पाहता ही गोष्ट पटण्यासारखी आहे.

१९४५ साली त्यांचा ‘फूल’ प्रदर्शित झाला. तेव्हा ते अवघे २३ वर्षांचे होते. पृथ्वीराज कपूर आणि दुर्गाबाई खोटे हे दोघेही त्या चित्रपटात होते. पुढे आसिफ यांनी याच दोघांना अकबर आणि जोधाबाई म्हणून सिंहासनावर बसवले. नवख्या दिग्दर्शकाने एवढ्या मातब्बर नटांचा ताफा सांभाळला, याचे तेव्हा कौतुक झाले. पण ‘फूल’ पूर्ण होण्याच्या आधीच त्यांच्या मनात दुसऱ्या कथेने घर केले होते. लाहोरचे नाटककार इम्तियाज अली ताज यांनी १९२२ साली, म्हणजे योगायोगाने आसिफ यांच्या जन्मवर्षीच, ‘अनारकली’ हे नाटक लिहिले होते. राजपुत्र सलीम आणि दरबारातील एक कनीज यांच्या प्रेमाची ती कथा. तिच्यावर मूकपटांच्या काळातच चित्रपट निघाले होते, बोलपटही झाला होता. कथेत नवे असे काही उरले नव्हते. आसिफ यांना मात्र तिच्यात कोणी न पाहिलेले काहीतरी दिसले होते.

इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही, हे येथेच सांगून टाकलेले बरे. सलीमने पित्याविरुद्ध बंड केले, हे खरे. परंतु ते एका नर्तकीसाठी केले, असे कोणतेही समकालीन मोगल साधन सांगत नाही. जहांगीर झालेल्या सलीमने स्वतःच्या आठवणींत अनारकलीचा उल्लेखही केलेला नाही. लाहोरात तिच्या नावाने ओळखली जाणारी कबर आहे, युरोपीय प्रवाशांनी ऐकलेल्या कहाण्या आहेत, आणि त्यांभोवती लोकांच्या कल्पनेने रचलेली एक इमारत आहे. आसिफ या इमारतीत इतिहास शोधायला गेले नाहीत. त्यांना हवा होता तो एक पेच. न्यायासाठी ख्याती असलेल्या सम्राटाला स्वतःच्या मुलाच्या बाबतीत न्याय करावा लागला, तर तो कोण राहील, राजा की बाप?

१९४६ साली बॉम्बे टॉकीजच्या आवारात चित्रीकरण सुरू झाले. निर्माते होते शिराज अली हकीम. अकबर म्हणून चंद्रमोहन, सलीम म्हणून सप्रू आणि अनारकली म्हणून नर्गिस, अशी पात्रयोजना होती. चंद्रमोहन यांची निवड मराठी प्रेक्षकाला सहज उमजेल. प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये व्ही. शांताराम यांनी पडदाभर दाखवलेले त्यांचे ते भेदक डोळे ज्यांनी पाहिले, ते विसरणे त्यांना शक्य नव्हते. सोहराब मोदींच्या ‘पुकार’मध्ये तर ते जहांगीर होऊन गेलेच होते. पण वर्षभरात देशाची फाळणी झाली. शिराज अली पाकिस्तानात निघून गेले आणि चित्रपटाचा आर्थिक आधार तुटला. १९४९ साली चंद्रमोहनही गेले. झालेले चित्रीकरण निरुपयोगी ठरले. नर्गिस आणि सप्रू इतर कामांत गुंतले. तिसाव्या वर्षाच्या आत आसिफ यांच्या हाती उरली ती केवळ कथा.

मधल्या काळात त्यांनी ‘हलचल’ या चित्रपटाची निर्मिती केली. १९५१ साली तो प्रदर्शित झाला. दिलीपकुमार आणि नर्गिस त्यात होते. दिग्दर्शन मात्र एस. के. ओझा यांचे होते. हे काम पोटासाठी आणि हात चालू ठेवण्यासाठी केलेले. मन अकबराच्या दरबारातच होते.

शिराज अलींनी जाण्यापूर्वी आसिफ यांना एक नाव सुचवले होते. शापूरजी पालनजी मिस्त्री. हे पारशी गृहस्थ बांधकामाच्या व्यवसायातले. चित्रपटधंद्याशी त्यांचा संबंध नव्हता, पण अकबराच्या इतिहासाचे त्यांना वेड होते. त्या वेडाच्या धाग्याने दोघे बांधले गेले. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी चित्रपट पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू झाला. अकबर आता पृथ्वीराज कपूर झाले, सलीम दिलीपकुमार, अनारकली मधुबाला, आणि तिचा मत्सर करणारी बहार निगार सुलताना.

याच सुमारास, १९५३ साली, फिल्मिस्तानचा ‘अनारकली’ पडद्यावर आला. बीना राय आणि प्रदीपकुमार यांचा हा चित्रपट देशभर गाजला. त्याला संगीत आपल्या सी. रामचंद्र यांचे, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर यांचे होते. त्यातली गाणी अजूनही घराघरांत म्हटली जातात. तीच कथा नुकतीच एवढ्या यशाने सांगून झाल्यावर दुसरा कोणी निर्माता घाबरला असता. आसिफ यांनी आपला आराखडा उलट अधिक विस्तारला. त्यांच्या मते तो चित्रपट अनारकलीचा होता आणि आपला मुघल-ए-आझमचा, म्हणजे अकबराचा, होणार होता. चित्रपटाच्या नावातच हा भेद आहे, आणि चित्रपट पाहताना तो ध्यानात ठेवला तर कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो.

यानंतरच्या वर्षांविषयी इतक्या कहाण्या रूढ आहेत की त्यांतून खरे-खोटे वेचणे अवघड व्हावे. जे नक्की आहे तेही थक्क करणारे आहे. वस्त्रे शिवण्यासाठी दिल्लीचे शिंपी आले, भरतकामासाठी सुरतेचे कारागीर. दागिने हैदराबादच्या सोनारांनी घडवले, शस्त्रे राजस्थानच्या लोहारांनी, पादत्राणे आग्र्याहून आली, आणि मुकुट घडवले कोल्हापूरच्या कारागिरांनी. सम्राट अकबराच्या मस्तकावर कोल्हापुरी हातांचे काम आहे, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला थोडी सुखावून जाईल. युद्धप्रसंगासाठी संरक्षण खात्याची परवानगी काढून भारतीय लष्कराचे जवान आणि जयपूरचे घोडदळ मैदानात उतरले. उंट, घोडे आणि हजारो माणसे यांचा तो मेळ त्या काळच्या हिंदी पडद्यावर अभूतपूर्व होता. त्यावर एक वाक्य बोलायला हवे. एवढा खर्च करूनही युद्धाचा भाग हा या चित्रपटाचा सर्वांत उणा भाग आहे. तेथे गर्दी आहे, धूळ आहे, पण नाट्य कमी आहे. आसिफ यांचे खरे रणांगण दालनाच्या चार भिंतींत होते.

प्रत्येक दृश्य तीनदा चित्रित होत असे. हिंदुस्थानी, तमिळ आणि इंग्रजी अशा तीन आवृत्त्या काढण्याचा बेत होता. तमिळ आवृत्ती ‘अकबर’ या नावाने १९६१ साली निघाली आणि पडली. इंग्रजी आवृत्ती मग सोडून द्यावी लागली. चार लेखक संवादांवर बसले होते: अमान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा आणि एहसान रिझवी. शाळेत फार न शिकलेल्या माणसाने उर्दूच्या चार पट्टीच्या लेखकांना एका मेजाशी बसवून त्यांच्या शब्दाशब्दांतून निवड केली, हे आसिफ यांच्या कर्तृत्वातील कदाचित सर्वांत मोठे आश्चर्य आहे. भाषेचा कान त्यांनी पुस्तकांतून मिळवला नव्हता, हे स्पष्ट आहे. या चित्रपटातील संवाद आजच्या कानाला अवघड वाटतात, तरी ज्यांना त्यांतील अर्धे फारसी शब्द कळत नाहीत, तेही ते मान डोलावत ऐकतात. कारण त्यांत एक तोल आहे. प्रत्येक प्रश्नाला तितक्याच वजनाचे उत्तर मिळते; एकाचे वाक्य दुसऱ्याच्या वाक्यावर तलवारीसारखे आदळते आणि कोणीही आवाज उगाच चढवत नाही.

संगीत नौशाद यांचे, गीते शकील बदायुनी यांची. दरबारात तानसेन गातो, त्यासाठी आसिफ यांना प्रत्यक्ष उस्ताद बडे गुलाम अली खाँ हवे होते. खाँसाहेबांना चित्रपटासाठी गाणे मान्य नव्हते. टाळण्यासाठी त्यांनी एका गाण्याचे २५ हजार रुपये मागितले, असे सांगतात. लता मंगेशकर आणि महंमद रफी यांना तेव्हा एका गाण्यास काही शे रुपये मिळत. आसिफ यांनी ती रक्कम विनातक्रार कबूल केली. मग खाँसाहेबांनाही मागे हटता येईना.

या उधळपट्टीचा हिशेब कोणी मांडू लागला, तर त्याने ते पिसाचे दृश्य आधी पाहावे. रात्र आहे. दूरवर तानसेनाचे सोहनीचे सूर चालले आहेत. सलीम एका पांढऱ्या पिसाने अनारकलीच्या चेहऱ्याला स्पर्श करतो. दोघांच्या तोंडी शब्द नाहीत. कॅमेरा चेहऱ्यांवरून हलत नाही. हिंदी चित्रपटात प्रेमाचे याहून संयत आणि याहून उत्कट चित्रण क्वचितच झाले असेल. हे दृश्य चित्रित होत असताना दिलीपकुमार आणि मधुबाला यांचे प्रत्यक्षातील नाते तुटले होते, दोघे एकमेकांशी बोलतही नव्हते. प्रेक्षकाला याची पुसटशी शंकाही येत नाही. हे श्रेय नटांचे तर आहेच. पण अशा दोन माणसांकडून असे दृश्य काढून घेणाऱ्याचेही आहे.

मधुबालेच्या हृदयात जन्मजात दोष होता. तो १९५४ साली उघड झाला होता. तरी कैदेतील प्रसंगांसाठी तिच्या अंगावर खऱ्या लोखंडी साखळ्या चढवल्या गेल्या. त्या साखळ्यांनी तिचे अंग सोलवटून निघे. पडद्यावर दिसणारा तिचा थकवा सगळाच अभिनय नव्हता. आसिफ यांच्या आग्रहाची ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. आपल्या ध्यासापायी ते स्वतःला सोडत नव्हते, तसेच इतरांनाही सोडत नव्हते. मधुबालेने ते स्वीकारले होते आणि आयुष्यातील सर्वश्रेष्ठ भूमिका दिली, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की तिला पुढे फार वर्षे मिळाली नाहीत. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी ती गेली.

अंधेरीच्या मोहन स्टुडिओत शीशमहाल उभा राहिला. लाहोरच्या किल्ल्यातील शीशमहालाच्या धर्तीवर तो रचलेला होता. लांबी १५० फूट, रुंदी ८० फूट, उंची ३५ फूट, आणि आत बेल्जियमहून मागवलेल्या काचेचे असंख्य तुकडे. बांधायलाच दोन वर्षे गेली. बांधून झाल्यावर कळले की तेथे चित्रीकरण करणे अशक्य आहे. दिवा लावला की हजार आरशांतून प्रकाश परत येऊन फिल्म पांढरी पडे. परदेशी जाणकारांनीही हे होणे नाही असे सांगितले. वितरकांनी हात टेकले, शापूरजींचा संयम सुटत चालला. छायालेखक आर. डी. माथुर यांनी मात्र हार मानली नाही. थेट प्रकाश न टाकता तो पडद्यांवरून परतवून, मऊ करून महालात सोडायचा, ही युक्ती त्यांनी दीर्घ प्रयोगांनंतर साधली. त्यानंतरच तो नाच झाला, ज्यात अनारकली भर दरबारात, अकबराच्या समोर, आपले प्रेम उघडपणे गाते, आणि छतावरच्या प्रत्येक आरशात तीच दिसू लागते. संतापलेला सम्राट नजर फिरवतो तर वरही तीच. ज्या प्रेमाला दडपायचे, त्याची हजार प्रतिबिंबे! या एका प्रतिमेसाठी दोन वर्षे आणि लाखो रुपये खर्ची पडले. गाण्याला हवा तो घुमारा यावा म्हणून लताबाईंना ध्वनिमुद्रणाच्या वेळी न्हाणीघरात उभे करून गाऊन घेतले, असेही सांगितले जाते. गीताचा मुखडा मनासारखा उतरेपर्यंत शकील आणि नौशाद यांनी रात्रभर कागद फाडले, ही कथा नौशाद यांच्या चाहत्यांच्या तोंडी कायम असते.

या काळात रंगीत चित्रपट रुळू लागला होता. आसिफ यांनी शीशमहालाचे गाणे आणि शेवटची काही रिळे रंगीत केली. निकाल पाहून ते इतके हरखले की सगळा चित्रपट नव्याने रंगीत काढावा, असे त्यांनी ठरवले! वितरकांनी या वेळी मात्र साफ नकार दिला. बहुतांश चित्रपट कृष्णधवल राहिला.

पण या साऱ्या वैभवाने चित्रपट मोठा झाला, असे मानणे ही त्याची अर्धवट दाद ठरेल. सोने-मोती इतरांनीही ओतले आहेत. ‘मुघल-ए-आझम’ टिकला तो त्याच्या पायात रोवलेल्या पेचामुळे. येथे कथा सांगतो तो खुद्द हिंदुस्थान. देशच निवेदक होऊन आपल्या एका पुत्राची गोष्ट सांगतो. नुकत्याच फाळणीतून गेलेल्या प्रेक्षकासमोर जोधाबाईच्या महालात कृष्णजन्म साजरा होतो आणि मोगल बादशहा त्या पाळण्याजवळ उभा राहतो. आसिफ यांनी यावर भाषण दिले नाही, नुसते दाखवले. पृथ्वीराज कपूरांचा अकबर खलनायक नाही. त्याचे म्हणणे पटते, हीच या चित्रपटाची खरी अडचण आणि खरी ताकद. सलीमचेही पटते. अनारकलीचे सर्वांत जास्त पटते. कव्वालीच्या सामन्यानंतर सलीम बहारला गुलाब देतो आणि अनारकलीला काटे. ती काटेच कृतज्ञतेने घेते, कारण काट्यांना कोमेजण्याचे भय नसते. तिचे सारे पुढचे आयुष्य या एका प्रसंगात आले आहे.

दुर्गाबाईंची जोधाबाई या साऱ्यांच्या मध्ये उभी आहे. ‘अयोध्येचा राजा’मधील तारामतीपासून ज्या नटीने राजस्त्रीचे दुःख मराठी प्रेक्षकांना ओळखीचे करून दिले होते, तिने येथे पत्नी आणि आई यांतील ओढाताण फार कमी हालचालींत दाखवली. पुत्रावर चालून निघालेल्या पतीच्या हाती तलवार देण्याची वेळ तिच्यावर येते, तेव्हा हा चित्रपट क्षणभर तिचा होतो.

शेवटी अनारकलीला भिंतीत चिणण्याची आज्ञा होते. मूळ नाटकात शोकांत आहे. आसिफ यांनी तेथे एक वळण घेतले. सलीमच्या जन्माची वार्ता आणणाऱ्या दासीला अकबराने वर्षांपूर्वी एक वचन दिले होते, आणि ती दासी अनारकलीची आई निघते. वचनाला जागून बादशहा तिला भुयारी वाटेने सोडून देतो, पण अट अशी की ती जिवंत असल्याचे सलीमला कधीही कळता कामा नये. काहींना ही पळवाट वाटते. नीट पाहिले तर शिक्षा अकबरालाच झालेली असते. न्यायही पाळला, वचनही पाळले, आणि मुलाच्या नजरेत कायमचा खुनी ठरला.

५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात चित्रपट प्रदर्शित झाला. चित्रपटगृह दोनच वर्षांपूर्वी उघडलेले. त्याचा दर्शनी भाग मोगल महालासारखा सजवला होता, आमंत्रणे शाही फर्मानासारखी उर्दूत लिहिली होती, आणि चित्रपटाची रिळे सजवलेल्या हत्तीवरून आली. देशभरातील सुमारे १५० चित्रपटगृहांत तो एकाच वेळी लागला. तिकिटांसाठी लोक रांगेतच झोपले. घरची माणसे त्यांना तेथे डबे आणून देत. या सोहळ्यात सलीमच नव्हता. दिलीपकुमारांची बहीण अख्तर हिच्याशी आसिफ यांचा विवाह झाल्याने दोघांत दुरावा आला होता, असे त्याचे कारण सांगितले जाते. आसिफ यांचे गृहजीवन एकूणच वादळी होते. नृत्यांगना सितारादेवी आणि निगार सुलताना यांच्याशीही त्यांचे विवाह झाले होते.

चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. फिल्मफेअरने सर्वोत्कृष्ट चित्रपट, संवाद आणि छायालेखन यांचे पुरस्कार दिले. उत्तम दिग्दर्शनाचा पुरस्कार मात्र ‘परख’साठी बिमल रॉय यांना गेला. मोजके बोलणाऱ्या, मोजक्या खर्चात काम करणाऱ्या बिमलदांची ती रीत आसिफ यांच्या अगदी उलट. त्या वर्षी हिंदी चित्रपटाची दोन्ही टोके एका व्यासपीठावर होती. उत्पन्नाचा जो उच्चांक ‘मुघल-ए-आझम’ने केला, तो पंधरा वर्षांनी ‘शोले’ येईपर्यंत अबाधित राहिला. पडद्यावर एवढे वैभव उधळणारा हा माणूस स्वतः साध्या घरात राहत होता, चटईवर झोपत होता आणि टॅक्सीने फिरत होता, अशी त्याच्या सहकाऱ्यांची आठवण आहे.

त्यानंतर आसिफ यांनी लैला-मजनूच्या कथेवर ‘लव्ह अँड गॉड’ हाती घेतला, या वेळी सगळाच रंगीत. मजनू होते गुरुदत्त. १९६४ साली गुरुदत्त गेले. चित्रीकरण थांबले, जसे चंद्रमोहन गेल्यावर थांबले होते. आसिफ यांनी पुन्हा तेच केले. संजीवकुमारांना घेऊन नव्याने सुरुवात केली. या खेपेस मात्र काळाने त्यांना तेवढी वर्षे दिली नाहीत. ९ मार्च १९७१ रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. अर्धवट रिळे पडून राहिली. पुढे अख्तर आसिफ यांनी पुढाकार घेऊन, जे होते ते जोडून, १९८६ साली तो चित्रपट प्रदर्शित केला. तोवर संजीवकुमारही या जगात नव्हते. जोडलेल्या त्या चित्रपटात अधूनमधून एखादे दृश्य असे येते की तेथे आसिफ यांचा हात ओळखू यावा. मग पुढच्याच दृश्यात तो सुटतो.

शापूरजींच्या वारसांनी १२ नोव्हेंबर २००४ रोजी ‘मुघल-ए-आझम’ संपूर्ण रंगीत करून पुन्हा चित्रपटगृहांत आणला. वितरकांनी ४४ वर्षांपूर्वी नाकारलेली आसिफ यांची इच्छा अशी यंत्रांच्या साहाय्याने पुरी झाली. नव्या पिढीने तो गर्दी करून पाहिला. जुन्या रसिकांपैकी पुष्कळांना मात्र अजूनही तो कृष्णधवलच लागतो. तीन तासांच्या त्या काळ्या-पांढऱ्या दरबारात एकाएकी शीशमहालाचे दार उघडते आणि रंग येतो, तो क्षण त्यांना गमवायचा नसतो.